अकबर नावाचे जहाज

कनेरगाव नाक्याचा माणूस जहाजावर लेख लिहितो आहे, हे कळल्यावर आमच्या शाळेतले एक वडीलधारे गुरुजी मनापासून हसले. "आधी पैनगंगेत एखादी होडी चालवून दाखवा, मास्तर," म्हणाले. त्यांचे म्हणणे अगदीच गैर नव्हते. येथून मुंबईचा समुद्र गाठायचा तर पाचशे किलोमीटरांवर वाट तुडवावी लागते. आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांनी भरतीओहोटी फक्त भूगोलाच्या पुस्तकात पाहिली आहे.

पण आमच्या गावाच्या नावातच 'नाका' आहे. अलीकडे हिंगोली जिल्हा, पलीकडे वाशीम. आणि मागे गेलात तर अलीकडे निजामाची हद्द व पलीकडे वऱ्हाड. करोडगिरीच्या नाक्यांच्या गोष्टी आमच्या लहानपणी म्हातारी माणसे ओट्यावर बसून सांगत. कापसाची गाडी असो की हळदीची, ती अडवणाऱ्याच्या हातात पावतीपुस्तक असे आणि पाठीशी बंदूकवाला उभा असे. पावतीपुस्तक आणि बंदूक यांची ही सोयरीक लहानपणीच कानांवर पडल्यामुळे पुढे इतिहास शिकवताना 'इंग्रज व्यापारासाठी आले आणि राज्यकर्ते झाले' हे पाठ्यपुस्तकातले वाक्य मला कधीच नवलाचे वाटले नाही. व्यापारी जहाज आणि लढाऊ जहाज यांत जितके अंतर आपण कल्पितो, तितके ते कधी नव्हतेच. ज्या जहाजाची हकीकत मी सांगणार आहे, ते मुंबईत, आपल्याच माणसांच्या हातांनी, सागवानातून उभे राहिले. एका व्यापारी कंपनीने ते बांधले, एका राजाने विकत घेतले, आणि त्याचा शेवट झाला तो अशा कामात की शाळामास्तराने ते वाचून पुस्तक मिटावे आणि थोडा वेळ गप्प बसावे.

समुद्रावरचा नाका ही गोष्ट आपल्याकडे जुनी. कोकणच्या किनाऱ्यावर कान्होजी आंग्रे यांचे दस्तक असल्यावाचून व्यापाऱ्याचे तारू सुखाने जात नसे. दस्तक म्हणजे परवाना. इंग्रजांनी त्याला चाचेगिरी म्हटले. पण स्वतः तेही आपल्या नावाचे परवाने देतच होते. दुसऱ्याचा नाका तेवढा लूट, आपला नाका म्हणजे कायदा, ही रीत जमिनीवरही आहे. अशा समुद्रात माल नेणारे जहाज निःशस्त्र असणे शक्यच नव्हते. शिवाजी महाराजांच्या आरमारातही गुराबा आणि गलबते यांच्याबरोबर शिबाडे होती, आणि शिबाड हे मुळात मालवाहू तारू. आज मिठाची पोती, उद्या दारूगोळा.

धरलेले जहाज आपल्या आरमारात घालणे हीही सर्वांची वहिवाट. १७४९ साली तुळाजी आंग्रे यांनी मुंबईकर इंग्रजांचे 'रेस्टोरेशन' नावाचे जहाज लढून धरले आणि विजयदुर्गास नेले. सात वर्षांनी, १७५६ च्या फेब्रुवारीत, पेशव्यांशी संगनमत करून इंग्रजांचे आरमार विजयदुर्गावर चालून आले, तेव्हा त्यांचा एक पेटता गोळा नेमका याच जहाजावर पडला. ते भडकले, शेजारच्या गुराबा भडकल्या, आणि तासाभरात आंग्र्यांचे आरमार जळून गेले. मराठ्यांचे सर्वांत बळकट आरमार जळाले ते इंग्रजांकडून जिंकून आणलेल्या जहाजाच्या आगीने, आणि आग लावणाऱ्यांना बोलावून आणले होते मराठ्यांच्याच पेशव्यांनी. कादंबरीत मी असा योगायोग घातला असता, तर संपादकांनी तो खचित काढायला लावला असता.

या घटनेच्या आधी वीस वर्षे, १७३६ साली, सुरतेहून लवजी नसरवानजी वाडिया नावाचा पारशी सुतार कंपनीच्या बोलावण्यावरून मुंबईस आला होता. गोदी उभी करायची होती. त्याच्या घराण्याने पुढे पिढ्यानपिढ्या मुंबईच्या गोदीत जहाजे बांधली. त्यांच्या कामाचे मर्म दोन गोष्टींत होते: लाकूड आणि सांधा. लाकूड मलबारचे सागवान. इंग्लंडातील जहाजे ओकची. ओकमधील आम्ल लोखंडी खिळे खाऊन टाकते आणि खिळ्याभोवतीचे लाकूड कुजते. सागवानात तेल असते, ते लोखंडाला सांभाळते. उष्ण समुद्रात ओक हां हां म्हणता नासे, सागवान मात्र नातवंडांच्या काळापर्यंत टिके. हे कोणाला अतिशयोक्तीचे वाटेल, म्हणून सांगतो: १८१७ साली याच गोदीत बांधलेले 'ट्रिंकोमली' हे जहाज आजही इंग्लंडात हार्टलपूल येथे पाहायला मिळते. दोनशे वर्षांवर काळ लोटला आहे.

दुसरी गोष्ट सांध्याची. युरोपात फळी फळीला नुसती टेकवून फटीत दोर ठासत. आपल्याकडचे सुतार फळीच्या काठालाच खाच पाडून दुसरी फळी तिच्यात बसवत, मध्ये कापूस आणि राळ घालत, आणि मग ती ठोकून अशी आवळत की दोन फळ्यांचे एक अंग होई. आमच्या गावचा सुतार दाराची चौकट करताना सांधा बसला की त्यावरून अंगठा फिरवून पाहतो. अंगठ्याला फट लागली तर काम पुन्हा. मुंबईच्या गोदीतही असे शेकडो अंगठे फिरले असतील. त्यांतल्या एकाचेही नाव इतिहासात नाही. मिस्त्रीचे आहे, एवढ्यावर समाधान मानायचे.

मिस्त्री म्हणजे जमशेटजी बमनजी, लवजीचा नातू. १८०० साली त्याने कंपनीसाठी एक मोठे जहाज बांधले. तेराशे टनांच्या वर वजन, पन्नासांवर तोफांची सोय. नाव ठेवले 'कॉर्नवॉलिस'. टिपू सुलतानाचे अर्धे राज्य काढून घेणारा आणि बंगालात कायमधाऱ्याची पद्धत घालून देणारा गव्हर्नर जनरल तो हाच. साल ध्यानात ठेवण्याजोगे आहे. त्याच १८०० च्या मार्चमध्ये पुण्यास नाना फडणीस वारले, आणि त्याच वर्षी आमच्या निजामाने इंग्रजांच्या तैनाती फौजेच्या खर्चापायी आपला मोठा मुलूख तोडून दिला. इकडे राज्ये कमी होत होती, तिकडे गोदीत जहाज वाढत होते.

या जहाजाविषयी एक कथा सांगतात. गोदीतील गोऱ्या अधिकाऱ्यांचे काळ्या कारागिरांशी वागणे कसे असे, ते वेगळे सांगायला नको. जमशेटजीने जहाजाच्या पोटात, तळाच्या आतल्या कण्यावर, इंग्रजीत एक ओळ कोरून ठेवली. तिचा आशय असा की हे जहाज एका शिवी खाल्लेल्या काळ्या माणसाने बांधले, इसवी सन १८००. मग त्यावर बाकीचे काम चढले आणि ती ओळ झाकली गेली. बांधताना तो कोणापाशी एक शब्द बोलला नाही. पुढे काही वर्षांनी जहाज दुरुस्तीसाठी परत गोदीत आले, तेव्हा त्याने ती जागा दाखवली, आणि ज्या शिवीने त्याला हाक मारीत होते, तीच शिवी साहेबांना स्वतःच्या जहाजाच्या पोटात वाचावी लागली.

मला ही कथा फार आवडते. तिच्यातला रागही आवडतो, पण त्याहून अधिक त्या रागाची रीत. या माणसाने फळी कच्ची बसवून सूड घेतला नाही, एक खिळा कमी मारला नाही. काम निर्दोष केले आणि मग त्यावर अपमानाची नोंद केली. कंपनीने त्याला चांदीची मोजपट्टी बक्षीस दिली, आणि त्याच्या चित्रात ती त्याच्या कमरबंदात खोवलेली दिसते. शाळेत मुलांना हे सांगतो तेव्हा एखादा धीट मुलगा विचारतो, "गुरुजी, मग त्यांच्यासाठी बांधलेच कशाला?" प्रश्न चोख आहे. त्या जहाजावरच्या तोफा कोणावर चालणार होत्या, हे जमशेटजीला कळत नव्हते असे म्हणता येत नाही. त्याला कामाचा अभिमान होता आणि मालकाचा राग होता. दोन्ही एकाच छातीत राहिले. आपल्या लोकांपैकी पुष्कळांचे त्या शतकात असेच झाले.

तर 'कॉर्नवॉलिस' हे जहाज कंपनीचे. आणि कंपनी तर व्यापारी. पण त्या काळी हिंदी महासागरात फ्रेंचांचा धुमाकूळ होता. मॉरिशस बेटातून त्यांची जहाजे निघत आणि इंग्रजांचा माल धरीत. सुरकूफ नावाच्या फ्रेंच धाडसी कप्तानाने १८०० साली 'केंट' हे इंग्रज कंपनीचे भले मोठे जहाज आपल्या लहानशा जहाजानिशी धरले होते. व्यापारी जहाजांनी काय करावे? लढाऊ असल्याचा आव आणावा! १८०४ च्या फेब्रुवारीत तसेच घडले. चीनहून चहा, रेशीम घेऊन निघालेला कंपनीचा तांडा मलाक्क्याच्या वाटेवर पुलो आऊरा बेटापाशी फ्रेंच दर्यासारंग लिन्वा याच्या आरमाराला सापडला. तांड्याचा मुख्य नॅथॅनिएल डान्स. त्याने काही जहाजांवर राजाच्या आरमाराचे निशाण चढवले आणि पळण्याऐवजी लढाईची ओळ धरली. जहाजे दुरून दिसायला तोफांच्या दोन मजल्यांची, रंगही तसाच. लिन्वा फसला, थोडा गोळीबार झाला आणि खरे लढाऊ आरमार खोट्या आरमारापुढून निघून गेले. चहाच्या पेट्यांनी तोफांना पळवले.

पण सोंगावर नेहमी भागत नाही. दुसऱ्याच वर्षी, १८०५ साली, इंग्रज राजाच्या आरमाराने 'कॉर्नवॉलिस' कंपनीकडून विकत घेतले. ज्याचे नाव जहाजाला दिले होते तो कॉर्नवॉलिस त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात गाझीपूरला वारला. माणूस गेला, जहाज सरकारी झाले. बदल मुळी फारसा करावाच लागला नाही. तोफा होत्याच, निशाण बदलले, कप्तान बदलला, आणि पगार देणारा बदलला. व्यापारी जहाजाचे लढाऊ जहाज झाले ते वहीतल्या एका नोंदीने. मुंबईच्या गोदीत बांधलेले जहाज राजाच्या आरमाराला चालते, हे एकदा सिद्ध झाल्यावर मात्र तिकडची दृष्टी पालटली. इंग्लंडात ओकची टंचाई होतीच. मग लंडनहून मुंबईस थेट लढाऊ जहाजांच्या मागण्या येऊ लागल्या, आणि १८१० साली जमशेटजीच्या हातून 'मिंडेन' हे चौऱ्याहत्तर तोफांचे जहाज पाण्यात उतरले.

आता या जहाजाच्या लढाया. त्या मी भराभर सांगतो, कारण तोफांच्या धुरात सगळ्या लढाया सारख्याच दिसतात. १८०६ च्या नोव्हेंबरात ते रियुनियन बेटाच्या सेंट पॉल बंदरातील फ्रेंच जहाजांवर चालून गेले. १८१० च्या फेब्रुवारीत मोलुक्का द्वीपसमूहातील अंबोयना बेट डचांकडून घेतले गेले, त्यात हे होते. चारशेच्या आसपास माणसे उतरवून किल्ला घेतला. अंबोयना म्हणजे लवंगेचे बेट. पाहा, फिरून फिरून गाडी कोठे आली! राजाचे लढाऊ जहाज, राजाचे निशाण, राजाचे सैनिक. आणि शेवटी हाती काय लागले, तर लवंग. जहाज सरकारी झाले म्हणून व्यापार त्याच्या पोटातून गेला नव्हता.

यांच्या मधले एक वर्ष मात्र निराळे आहे. १८०७ साली कप्तान चार्ल्स जेम्स जॉन्स्टन याच्या हाताखाली 'कॉर्नवॉलिस' पॅसिफिक महासागर ओलांडायला निघाले. त्या प्रवासात १४ डिसेंबर १८०७ रोजी हवाई बेटांच्या नैर्ऋत्येस पाण्याबाहेर डोके काढलेली दोन चिमुकली बेटे दिसली. अकरा वर्षांपूर्वी एक अमेरिकन जहाज तेथील उथळात रुतले होते. पण नाव पडले ते जॉन्स्टनचे. माणूस नाही, झाड नाही, पक्षी मात्र अपार. पुढे तेथे पक्ष्यांच्या विष्ठेच्या खतासाठी अमेरिका आणि हवाईचे राज्य यांच्यात हक्काची ओढाताण झाली. विसाव्या शतकात अमेरिकेने तेथे विमानतळ केला. १९५८ आणि १९६२ साली तेथून अणुस्फोटांसाठी अग्निबाण सोडले. आणि १९९० पासून दहा वर्षे विषारी रासायनिक शस्त्रे तेथे जाळून नष्ट केली. जमशेटजीच्या सागवानी जहाजावरून पाहिलेल्या त्या बेटावर माणसाने एवढे सगळे आणून टाकले. आज तेथे पुन्हा पक्षीच आहेत.

१८११ साली जहाजाचे नाव बदलले. मुंबईतच चौऱ्याहत्तर तोफांचे एक नवे, मोठे जहाज बांधायचे होते आणि त्याला 'कॉर्नवॉलिस' हे नाव हवे होते. धाकट्यासाठी थोरल्याने नाव सोडले. या धाकट्या 'कॉर्नवॉलिस'नेही पुढे इतिहास पाहिला. अफूच्या युद्धानंतर १८४२ च्या ऑगस्टमध्ये चीनने हाँगकाँग तोडून दिले, तो नानकिंगचा तह त्याच्याच पाठीवर झाला. आमच्या जुन्या जहाजाला नवे नाव मिळाले 'अकबर'. नाव ठेवणाऱ्याच्या मनात कोण होते कोणास ठाऊक. पण त्या वेळी दिल्लीच्या लाल किल्ल्यात अकबर नावाचाच एक बादशहा खरोखर बसला होता. दुसरा अकबर. कंपनीच्या पेन्शनीवर जगणारा. त्याच्या अंगणाबाहेर त्याचा हुकूम चालत नव्हता, आणि त्याच्या नावाचे जहाज इंग्रजांसाठी जावा बेट घेण्यास निघाले होते!

जाव्याच्या मोहिमेनंतर 'अकबर' इंग्लंडास गेले. तिकडून काही वर्षे उत्तर अमेरिकेच्या किनाऱ्यावर राहिले. १८१५ साली नेपोलियन हरला आणि लढाऊ जहाजांचे काम संपले. शिडे, डोलकाठ्या उतरवल्या. साथीच्या रोगाची जहाजे बंदराबाहेर थोपवून ठेवतात, तशा कामासाठी 'अकबर' नांगरून टाकले गेले. म्हाताऱ्या बैलाला गोठ्यात बांधावे तसे. बैल मात्र सागवानी होता, तो मरेना.

आणि येथून माझ्या जिव्हाळ्याचा भाग सुरू होतो. लिव्हरपूल शहर त्या काळी पैशाने फुगलेले आणि गरिबीने भरलेले. चोरीमारी करणाऱ्या पोरांचे काय करायचे, हा तेथील भल्या लोकांपुढे प्रश्न होता. त्यांनी सुधारशाळेसाठी सरकारकडे एखादे जुने जहाज मागितले, आणि १८५५-५६ च्या सुमारास मर्सी नदीच्या मुखात 'अकबर'वर शाळा सुरू झाली. बारा ते सोळा वर्षांची पोरे, न्यायाधीशाने शिक्षा देऊन पाठवलेली. दोरखंडांच्या गाठी, शिडांची शिवण, थोडे लिहिणेवाचणे, प्रार्थना. उद्देश असा की त्यांतून व्यापारी जहाजांसाठी खलाशी तयार व्हावेत. म्हणजे व्यापारी कंपनीचे जहाज लढाऊ झाले आणि म्हातारपणी पुन्हा व्यापाराच्या कामी आले.

मुंबईकरांना हे चित्र अनोळखी वाटू नये. आपल्या बंदरातही सैन्य वाहणारी 'डफरिन' ही आगबोट १९२७ साली व्यापारी जहाजांवरील अधिकारी घडवणारी शाळा झाली आणि तिने हिंदी तरुणांना समुद्राचे दार उघडून दिले. पण 'डफरिन'वर मुले परीक्षा देऊन जात. 'अकबर'वर ती बेडी घालून येत. शाळेच्या चारी बाजूंना पाणी. पळायला वाट नाही. मी पंचवीस-तीस मुलांच्या वर्गात उभा राहतो तेव्हा दार उघडे असते, आणि ते उघडे आहे हे मुलांना ठाऊक असते. त्यामुळेच ती बसतात, असे माझे मत आहे. पाण्याने कोंडलेल्या शाळेत मास्तर कसा होत असेल, याचा विचार मी पुष्कळ केला आहे.

१८६२ साली जमशेटजीचे जहाज मोडीत निघाले. बासष्ट वर्षांचे आयुष्य. जागा रिकामी राहिली नाही. 'वेलिंग्टन' नावाचे दुसरे जुने लढाऊ जहाज आणून तेथे बांधले आणि त्याचेही नाव 'अकबर' ठेवले, कारण शाळेला आता ते नाव चिकटले होते. १८८७ साली कप्तान जहाजावर नसल्याची संधी साधून त्यावरील मुलांनी बंड केले. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी तेही जहाज संपले आणि शाळा किनाऱ्यावर हेसवॉल या गावी गेली.

१९१० च्या ऑक्टोबरात 'जॉन बुल' नावाच्या इंग्रजी साप्ताहिकाने या शाळेवर लेख छापला. मुलांना तोंडात बोळे कोंबून वेताने फोडतात, थंड पाण्याने भिजवतात, रात्ररात्र उभी ठेवतात, आजाऱ्यालाही मारतात, असे आरोप होते. त्या वेळी गृहमंत्री होते विन्स्टन चर्चिल. त्यांचे साहाय्यक मास्टरमन यांनी चौकशी केली आणि १९११ साली अहवाल दिला. शिक्षेच्या काही रीती चुकीच्या होत्या हे त्यांनी मान्य केले, पण क्रौर्याचा आरोप नाकारला. लोकांचे समाधान झाले नाही. ओरड चालूच राहिली, आणि देशातील सगळ्या सुधारशाळांची पाहणी करण्यासाठी एक समिती नेमावी लागली. इंग्रजी वर्तमानपत्रांनी या प्रकरणाला एकच नाव दिले होते: 'अकबर प्रकरण'. हेसवॉलच्या त्या इमारतीत सागवानाची एक फळीही नव्हती. मुंबईहून आलेले तेवढे नाव होते.